माझं ऐकल्याबद्दल तक्रार

आदरणीय दाजींना,

वाकून नमस्कार. (हल्ली कमरेतून पुरतं वाकता येत नाही, तेव्हा जेवढा वाकलो तेवढा मानून घ्यावा, उरलेला मनातून केला आहे.) तुमचं पत्र येऊन अडीच महिने झाले आणि मी आज उत्तराला बसतोय, याची फार लाज वाटते. रोज सकाळी पत्र समोर घ्यायचो आणि रोज काहीतरी नवं होऊन बसायचं. पण माझ्यावर काय काय गुदरलं ते वाचलंत तर तुम्हीच म्हणाल, की या माणसाच्या हातात अजून पेन धरवतंय हेच पुष्कळ. तुमचा खोकला कसा आहे? ताईच्या डोळ्यांत थेंब वेळेवर पडतात ना? तिला सांगा, थेंब घातल्यावर डोळे मिटून पडून राहायचं असतं, उठून भांडी आवरायची नसतात. थेंब घालून लगेच वाकलं तर औषध नाकात उतरतं असं मी ऐकलंय. खरं असो नसो, तिनं वाकू नये. माझं म्हणाल तर झोप नाही, भूक नाही, उजव्या कानात बारीक शिट्टी वाजते आणि डाव्या टाचेत काहीतरी आहे. काय आहे ते डॉक्टरला सापडत नाही, आणि त्याला सापडत नाही म्हणून ते नाहीच, असं तो म्हणतो. या न्यायानं त्याला माझं घरही कधी सापडलेलं नाही. असो.

मुद्द्यावर येतो. दाजी, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. एकतीस वर्षं मी तक्रारी केल्या आणि एकतीस वर्षांत कुणी ढुंकून पाहिलं नाही, तो अन्याय मी सोसला. तो अंगवळणी पडला होता. पण आता या लोकांनी माझं ऐकलं! एक-दोन नाही, जवळजवळ सगळ्या तक्रारी ऐकल्या! आणि तेही मला न विचारता!

तुम्ही इकडे येऊन नऊ वर्षं झाली, म्हणून घराची आठवण करून देतो. खाली रस्त्याला लागून पत्रेवाल्याचं दुकान. वर मी, मुलगा आणि सूनबाई. मागची अंगणाकडची खोली तुमच्या नावावर. (आमच्या वडिलांनी सख्खा मुलगा घरात बसलेला असताना ती जावयाच्या नावावर केली. पण तो विषय काढायचा नाही असं मी ठरवलंय आणि काढलेलाही नाही.) पत्रेवाला खाली पत्र्याच्या बादल्या, नरसाळी, पेट्या, धुराडी असलं सगळं बनवतो. बनवतो म्हणजे बडवतो. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मध्ये जेवायला एक तास. माझं सगळं आयुष्य वह्या-पुस्तकं बांधण्यात गेलं. ते काम शांततेचं. दोरा ओढताना कानाला कळलं पाहिजे की कागद फाटत तर नाही ना. आणि खाली हा ठणाठण, ठणाठण! देवानं एका जिन्याच्या खाली पत्रेवाला आणि वर बाइंडर ठेवला, तेव्हा तो कुठल्या विचारात होता कोण जाणे.

म्हणून मी लिहू लागलो. शाळा चौथीत सुटली, पण बांधायला आलेल्या सरकारी दप्तरांतून मी अर्ज कसा लिहावा ते शिकलो. 'सविनय सादर' पासून 'कळावे' पर्यंत. पहिली तक्रार पत्रेवाल्याची. दुसरी समोरच्या कट्ट्याची, कारण तिथे रिकामी माणसं बसतात आणि माझ्या खिडकीकडे बघतात. तिसरी दिव्याच्या खांबाची, त्याचा उजेड माझ्या उशीवर पडतो. मग पुन्हा पत्रेवाल्याची. अशा करता करता एकतीस वर्षांत दोनशे अकरा झाल्या. प्रत्येकीची नक्कल मी ठेवली, आणि निवृत्त झालो तेव्हा त्या सगळ्या एका खंडात बांधल्या. काळं कापड, लाल कातड्याचे कोपरे, हाताची शिवण, पाठीवर सोनेरी अक्षरं. दाजी, मी न्यायाधीशांची पुस्तकं बांधली आहेत, पण इतकी सुबक बांधणी माझ्या हातून पुन्हा झाली नाही. खंड टेबलावर उघडून ठेवला तर पान आपणहून मिटत नाही. तो मी कपाटात ठेवायचो आणि आलेल्या पाहुण्याला दाखवायचो. (सूनबाई म्हणते म्हणूनच पाहुणे येत नाहीत.) त्याचा उपयोग एवढाच होता. तो कुणी वाचावा असं माझ्या मनात कधीही नव्हतं.

आता गेल्या वर्षी पालिकेनं ठरवलं की यापुढे वस्तीचा आराखडा कचेरीत बसून काढायचा नाही, वस्तीतल्या लोकांनीच काढायचा. कुठे काय हवं, काय नको, काय हलवायचं, सगळं लोकांनी ठरवायचं आणि पालिकेनं तसंच करायचं. त्यासाठी एक तरुण बाई पाठवली. आम्ही तिला आराखडेबाई म्हणतो. मनानं चांगली आहे, चहाला नाही म्हणत नाही, पण सारखी विचारते, 'काका, तुम्हाला काय वाटतं?' मला आजवर हे कुणी विचारलेलं नव्हतं, आणि खरं सांगतो, त्या प्रश्नाची सवय नसलेल्या माणसाला तो विचारू नये. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर समितीचे अध्यक्ष झाले. समोरच्या बंद वाचनालयात दर शनिवारी बैठका सुरू झाल्या. भिंतीवर दाराएवढा नकाशा लावला. त्यात माझं घर बोटाच्या नखाएवढं होतं, आणि पत्रेवाल्याचं दुकान माझ्या घराच्या खाली असल्यामुळे दिसतच नव्हतं. मला तेव्हाच बरं वाटलं होतं.

दोन महिने नुसता गोंधळ. औषधाच्या दुकानवाल्याला तळं हवं होतं. आमच्या गल्लीत, दाजी! जिथे दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, तिथे तळं! शिंपीणबाई म्हणाली, तळं आलं की डास येतील. औषधवाला म्हणाला, येऊ देत. (त्याचं बरोबर आहे, तो मलम विकतो.) शेवटी आराखडेबाई कंटाळून म्हणाली, नुसतं हवंय हवंय करून भागत नाही. लोकांना खरोखर कशाचा त्रास आहे याचा लेखी पुरावा हवा, तारीखवार. आणि दाजी, त्या क्षणी मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी हात वर केला. घरी गेलो, कपाट उघडलं, खंड काखेत मारून आणला आणि तिच्यासमोर ठेवला. तिनं पहिलं पान उघडलं, दहावं उघडलं, शेवटचं उघडलं, आणि तिचे डोळे असे झाले की मला वाटलं आता ही रडणार. म्हणाली, 'काका, हा तर खजिना आहे.' आठ दिवसांसाठी नेते म्हणाली. पाच आठवड्यांनी परत आणला, आत रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या घालून. (डिंकाच्या! कागदावर डाग पडतात याचं भान नाही.)

मग मोठी सभा झाली. मला पहिल्या रांगेत खुर्ची. मास्तर एकेक कलम वाचू लागले. कलम एक, दिव्याचा खांब पंधरा फूट पलीकडे हलवणे. आधार, तक्रार क्रमांक तीन, अकरा, चाळीस. कलम दोन, समोरचा कट्टा पाडून तिथे तिरकी लोखंडी नळी बसवणे, जेणेकरून कुणी बसू शकणार नाही. आधार, तक्रार क्रमांक दोन आणि इतर एकोणतीस. असं करत करत कलम सतरा. पत्र्याचं दुकान वस्तीबाहेर, मालधक्क्यापलीकडच्या कारखान्यांच्या आवारात हलवणे. आधार, तक्रार क्रमांक एक आणि इतर एकशे अठरा. मास्तर म्हणाले, ज्येष्ठ रहिवाशाची ही आयुष्यभराची इच्छा आहे, ती आपण त्यांच्या हयातीत पुरी करू या. सगळ्यांनी हात वर केले! शिंपीणबाईनं दोन्ही केले. तिला काय त्रास होता पत्रेवाल्याचा? तिच्या यंत्राचाच आवाज एवढा की तिला काही ऐकू येत नाही. मागून विचारलं तर म्हणते, 'तुमच्यासाठी केला हो काका, म्हटलं म्हाताऱ्या माणसाला चार दिवस सुखाचे मिळू देत.' म्हणजे बघा! गल्लीतल्या एकाही माणसाला तो नकोसा नव्हता. सगळ्यांनी माझ्यावर उपकार केले!

तुम्ही विचाराल, तू तिथे होतास ना, मग उठून बोलला का नाहीस? उठलो होतो. पण मी उठलो तसे लोक टाळ्या वाजवू लागले. (आयुष्यात माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत. लग्नातसुद्धा सगळे जेवायला पळाले होते.) मी जरा थांबलो, त्या संपल्या की बोलायचं म्हणून. त्या लवकर संपेनात. मग मी नमस्कार केला आणि बसलो.

आणि त्या सगळ्यांत एकच तक्रार फेटाळली. क्रमांक अठ्ठ्याऐंशी, आमच्या दारातल्या गटारावरची फरशी फुटली आहे ती. दोनशे अकरांपैकी तेवढी एक मी खरोखर काम व्हावं म्हणून लिहिली होती! त्याबद्दल शेरा असा, की गटार दुसऱ्या खात्याकडे आहे.

दिव्याचा खांब त्यांनी लगेच हलवला. आता उजेड उशीवर पडत नाही हे खरं, पण जिन्यावरही पडत नाही. दोनदा पायरी चुकलो. ते एक वेळ चालेल. पण मग आराखडेबाईनं एक प्रयोग काढला. कलम सतरा पक्कं करण्याआधी एक आठवडा दुकान बंद ठेवायचं आणि काकांना कसं वाटतं ते बघायचं. पत्रेवाल्यानं फळ्या लावल्या आणि गेला. सोमवारी सकाळी आठ वाजले ते मला कळलंच नाही. चहा उशिरा. औषधाची गोळी मी ठणठण सुरू झाल्यावर घेतो, ती राहिली. दुपारी जेवणाची सुटी नाही, त्यामुळे माझी वामकुक्षी नाही, कारण तो जेवायला थांबला की मी आडवा होतो. आणि शांतता म्हणजे काय असते माहीत आहे का? सूनबाई कामावर गेली की घरात नळ थेंब थेंब गळतो तो ऐकू येतो. लाकडी कपाट आपणहून कुरकुरतं. कानातली शिट्टी तर तेव्हाच सुरू झाली. बुधवारी मी काठीनं जमिनीवर तीन ठोके दिले. उगाच. कुणी नव्हतंच खाली.

हे ठोक्यांचं तुम्हाला माहीत नसेल. हातोडा फार चढला की मी काठीनं तीनदा जमीन ठोकतो. म्हणजे बस कर. त्यावर तो खालून दोन जास्त घालतो. म्हणजे नाही करणार. हे रोजचं आहे, दिवसातून तीन-चार वेळा. दोन वर्षांपूर्वी मी मोरीत घसरून पडलो, आठवतं ना, ताई भेटायला येणार होती आणि आली नाही ती वेळ. सकाळी दहाला पडलो. मुलगा आणि सून संध्याकाळी येणार. पाय हलेना, आवाज निघेना. खाली ठणठण चाललेली. आणि ती अचानक थांबली. मग दोनदाच वाजली, मुद्दाम. मग थांबली. मग तो जिना चढत आला. म्हणतो कसा, 'बाइंडर, अकरा वाजले, अजून एकदाही आपटली नाहीस काठी. मेलास की काय?' दार आतून लावलेलं. त्यानं छिन्नी घालून कडी उचकटली, मला पाठुंगळी मारलं आणि जिना उतरून थेट दवाखान्यात. डॉक्टर म्हणाला आणखी दोन-तीन तास गेले असते तर कठीण होतं. पत्रेवाला डॉक्टरला म्हणाला, 'आधी याचं तोंड तपासा, बंद आहे म्हणून मी घाबरलो.'

(कडी पार वाकली होती. घरी आल्यावर त्याबद्दल मी तक्रार क्रमांक एकशे नव्व्याण्णव केली. तीही कलम सतराच्या आधारात आहे. 'सदर दुकानदाराने रहिवाशाच्या दाराची मोडतोड केली.' मास्तरांनी ते भरसभेत वाचलं. पत्रेवाला शेवटच्या रांगेत उभा होता. तो हसला. मला ते हसणं अजून दिसतं.)

प्रयोगाचा आठवडा संपला, पत्रेवाल्यानं फळ्या काढल्या, मी सरळ मास्तरांकडे गेलो. म्हटलं, कलम सतरा काढून टाका. मास्तर म्हणाले, 'बाइंडरकाका, तुमचा मोठेपणा आहे. पण स्वतःसाठी मागायला संकोच करू नका.' म्हटलं, संकोच नाही, मला नको आहे. ते म्हणाले, दयाळूपणा पुरे. मग त्यांनी नियम दाखवला. ज्यानं सूचना दिली त्याला त्याच सूचनेवर लेखी हरकत घेता येत नाही, नाहीतर लोक सकाळी एक मागतील आणि संध्याकाळी दुसरं. घरातली माणसंही नाहीत, एका घराचं एकच मत धरतात. तेव्हा मुलगा आणि सूनबाई बाद. पत्रेवाला राहतो कालव्यापलीकडे, आराखड्याच्या रेषेबाहेर, आणि दुकान भाड्याचं, तेव्हा तो रहिवासी धरत नाहीत. म्हणजे ज्याला हलवायचं त्याचं मत नाही, ज्याच्यासाठी हलवायचं त्याचं ऐकायचं नाही, आणि याला म्हणायचं लोकांचा आराखडा! मी भांडलो. आराखडेबाईनं ते लिहून घेतलं. तिला वाटलं ही दोनशे बारावी आहे.

पत्रेवाल्याकडेही जाऊन आलो. तो कथील वितळवून डब्याला डाग देत होता. मी म्हटलं, तू काही करणार आहेस की नाही? वर न बघता म्हणाला, 'मी काय करू? तू लिहिलंयस, तू पूस.' म्हटलं, मालधक्क्यापलीकडे गिऱ्हाईक येईल का तुझं? म्हणाला, 'बादलीला भोक पडलं म्हणून दोन बसा बदलून कोण येतंय? पुतण्या म्हणतोय दुकान मोडून त्याच्याकडे राहायला ये. तिथे सगळं प्लास्टिकचं आहे.' मग डबा उलटा करत म्हणाला, 'तुझी मात्र चैन आहे. झोप आता तंगड्या पसरून.' मी म्हटलं, झोपेनच. आणि वर आलो. त्याला बोलायची पद्धत म्हणून नाही, दाजी. त्याच्या दुकानात मी एकतीस वर्षांत पाच मिनिटांवर बसलेलो नाही.

आता सगळ्यावर कळस ऐका. पालिकेला सादर करायच्या आराखड्याच्या तीन प्रती बांधायला समितीनं कुणाकडे द्याव्यात? माझ्याकडे! मास्तर स्वतः गठ्ठा घेऊन आले. पानं पाहिली. कलम सतरा एकटंच एका पानावर होतं, मागची बाजू कोरी. तुम्ही मला चाळीस वर्षं ओळखता. हातून कधी पान गळलेलं नाही, हे माझ्या धंद्यातले लोक आजही सांगतात. मी ते पान बाजूला काढलं. तिन्ही प्रतींतून. घड्या मांडल्या, भोकं पाडली, पहिली प्रत शिवली, खळ लावली, दाबात घातली. खाली ठणठण चालू. दोन तास मी त्या दाबाकडे बघत बसलो. मग दाब सोडला, ओली खळ पुसली, सगळी शिवण उसवली, ते पान जागेवर घातलं आणि पुन्हा पहिल्यापासून शिवलं. माणसाला इतकं वाईट बांधलेलं पुस्तक हातून जाऊ देता येत नाही. त्यात पान गळलंय हे कुणाला कळलं नसतं, मला कळलं असतं. आणि सांगायची गोष्ट अशी, की दुसऱ्यांदा शिवलेली प्रत पहिलीपेक्षा फार छान आली. कलम सतराचं पान तर असं सपाट उघडतं! माझा संताप झाला.

असो. तुम्हाला त्रास देण्यासाठी हे लिहिलेलं नाही, केवळ खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. ताईला नमस्कार. नातवंडांना आशीर्वाद, त्यांनी कुठल्याही कागदाची नक्कल ठेवू नये म्हणावं. तब्येतीला जपा. उन्हातून आल्यावर लगेच पाणी पिऊ नका.

तुमचा मेहुणा,
बाइंडर

ता. क. एक बारीकसं काम होतं. मागची खोली तुमच्या नावावर असल्यामुळे आराखड्याच्या यादीत तुम्ही वेगळे घरमालक म्हणून लागलेले आहात. (मी तपासलं. वडिलांनी केलं ते योग्यच केलं असं मी आता म्हणतो, ताईलाही सांगा.) एक जरी लेखी हरकत आली तरी ते कलम पुन्हा सभेत घ्यावं लागतं आणि त्याचा आधार तपासावा लागतो. मुदत वीस तारीख. तेव्हा कलम सतरावर हरकत म्हणून एक पत्र मास्तरांच्या नावे पाठवावं.

ता. क. दुसरं. हरकतीत कारण लागतं. 'पत्रेवाला चांगला माणूस आहे' असं लिहू नये, ते समितीला पुरत नाही आणि त्याच्या कानावर गेलं तर तो चढून बसेल. आधारच खोटा पाडला पाहिजे. म्हणजे माझ्याबद्दल लिहावं. तुम्हाला जड जाऊ नये म्हणून मीच सांगतो. सदर तक्रारदार माझा मेहुणा असून त्यास लहानपणापासून कुरकुरण्याची सवय आहे. तो बोलतो त्यातलं निम्मं त्याला खरं वाटत नाही. शिक्षण चौथीपर्यंत. कानांचा भरवसा नाही. शांत जागी ठेवल्यास त्याची तब्येत बिघडते. असं, जरा मोठ्या अक्षरात. वेडा आहे असंही लिहायला हरकत नाही, पण एकदाच. आणि हाती सापडलो म्हणून भरमसाट लिहीत सुटू नका, वाचून दाखवतात ते.

ता. क. तिसरं. सूनबाईनं आत्ता हे पत्र वाचलं. (बाकीची कामं सोडून.) तिचं म्हणणं, बाबा, तुम्ही दाजींना अर्धीच गोष्ट सांगताय. नियम पुढे वाचा. लेखी हरकत घेता येत नसली तरी सूचना देणारा स्वतः सभेत उभा राहून, ज्याच्याविरुद्ध सूचना आहे त्याच्यासमोर, 'ही मी तोंडी मागे घेतो' असं म्हणाला, की कलम तिथल्या तिथे रद्द होतं. एका वाक्याचं काम आहे म्हणते. हे खरं आहे. मास्तरांनी मलाही ते दाखवलं होतं. मी नकाशा बघत होतो. पण दाजी, तुम्ही पुरुष माणूस आहात, तुम्हीच विचार करा. तो तिथे बसलेला असणार. मी उभा राहणार, सगळ्या गल्लीदेखत म्हणणार की याला जाऊ देऊ नका. आणि मग उद्या सकाळी आठ वाजता तो खालून काय बोलेल? उरलेलं आयुष्य मी तोंड कुठे लपवू? त्यापेक्षा तुम्ही मला वेडा ठरवा, ते सोपं आहे. अठरा तारखेपर्यंत तुमचं पत्र आलं नाही, तर माझ्यावर उभं राहायची पाळी येईल, आणि मी उभा राहीन, याचीच मला धास्ती आहे. तेव्हा कृपा करून लवकर कळवा. दोन ओळी पुरेत.